दुसरा निबंध

फेब्रुवारी उजाडला की पुण्यातल्या दहावीच्या वह्यांमध्ये पाऊस पडू लागतो. बाहेर पर्वतीच्या उतारावरचं गवत वाळून गेलेलं असतं, उन्हं तापायला लागलेली असतात, सराव परीक्षांची वेळापत्रकं शाळांच्या फळ्यांवर चढलेली असतात. आणि वह्यांत मात्र धरणीमाता हिरवा शालू नेसून उभी असते. काळेकुट्ट ढग जमतात, विजांचा कडकडाट होतो, बेडूक डराव डराव करतात, बळीराजा सुखावतो. मुलगा कात्रजचा असो, खडकीचा असो की कसब्यातल्या जुन्या वाड्यातला असो, सगळ्यांच्या वहीत पाऊस एकच. वारा तोच, मातीचा गंध तोच, आणि शेवटी 'असा हा पावसाळा मला फार फार आवडतो' हेही तेच.

हा पाऊस बहुतेक वेळा अप्पा बळवंत चौकातून आलेला असतो. जूनमध्ये त्या चौकात पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत तयार निबंधांच्या पुस्तकांची मागणी कधी कमी झालेली मी पाहिली नाही. मला त्या पुस्तकांचा राग येत नाही. कित्येक घरांत पाठ्यपुस्तकांशिवाय आलेलं मराठी गद्याचं पहिलं पुस्तक तेच असतं. मुलं ते जपून वापरतात, खाकी कव्हर घालतात, त्यातली वाक्यं मन लावून पाठ करतात. बोर्डाच्या मराठीच्या पेपरात लेखनकौशल्याच्या प्रश्नाला आठ गुण असतात. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक, यांतलं एक लिहायचं. घड्याळ समोर, पर्यवेक्षक डोक्याशी, पुढं अकरावीचा प्रवेश. अशा वेळी पोरानं पाठ केलेल्या वाक्याचा हात धरला तर त्याला दोष कसा द्यायचा? मला काळजी वाटते ती निराळी. वर्षानुवर्षं दुसऱ्याचा पाऊस लिहून लिहून मुलाची अशी खात्रीच होऊन बसते की आपल्याजवळ लिहिण्याजोगं काही नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी शनिवारी दुपारी मुलांचं निबंधलेखन घेते. एका गणेश मंडळाच्या अभ्यासिकेत वर्ग भरतो. दांडेकर पूल, अरण्येश्वर, गुलटेकडी अशा भागांतून मुलं येतात. कुणी चालत, कुणी मोठ्या भावाच्या गाडीवर मागं बसून.

त्या वर्गात एकदा 'पावसाची एक आठवण' असा विषय दिला. दहावीतल्या एका मुलानं पानभर लिहून दिलं. अक्षर गोल, समास नीट सोडलेला, आणि पहिल्याच ओळीत हिरवा शालू. हा मुलगा आंबिल ओढ्याच्या काठी राहतो हे मला माहीत होतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूनं आलेल्या पाण्यानं तो ओढा घराघरांत शिरला. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. तेव्हा हा प्राथमिक शाळेत असेल. मी वही मिटली आणि विचारलं, "तुझ्या घरात पाणी आलं होतं का रे?"

"आलं होतं ना, बाई."

"लाईट होती?"

"नाही. गेलेली. पप्पांच्या मोबाईलची बॅटरी लावली होती."

"वास कसला येत होता?"

तो थांबला. पुराविषयी त्याला बरंच काही विचारलं गेलं असेल, वासाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. "पेट्रोलचा," तो म्हणाला. "गाड्या आडव्या झालेल्या ना गल्लीत. गटाराचा पण होता. पण जास्त पेट्रोलचा."

"आईनं काय केलं?"

"मम्मीनं आधी रेशनकार्डाची पिशवी गळ्यात अडकवली. मग माझा हात धरला."

"आणि आजी?"

"आजी म्हणत होती, पानशेतचं पाणी दिवसा आलतं, हे रात्री आलंय."

मी म्हटलं, हे लिही. त्यानं माझ्याकडं जरा संशयानंच पाहिलं. "हे? निबंधात हे चालतं?"

निबंध शिकवणाऱ्या प्रत्येकानं या प्रश्नापाशी थांबलं पाहिजे असं मला वाटतं. त्या मुलाजवळ काय नव्हतं? पेट्रोलचा वास होता. पिशवी आधी आणि हात नंतर, हा क्रम होता, आणि गरिबाच्या घराविषयी तो जितकं सांगून जातो तितकं माझ्या हयातीत तपासलेल्या 'वैचारिक' निबंधांच्या गठ्ठ्यांनी सांगितलेलं नाही. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आणि २०१९ ची रात्र एका वाक्यात शेजारी बसवणारी आजी होती. एवढा ऐवज घरात असून तो पोरगा शालू उसना आणत होता, कारण घरातलं बोलणं निबंधात चालतं असं त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलांना लिहितं करायचं म्हणजे माझ्या लेखी मुख्यतः विचारायचं. 'छान लिही', 'मनापासून लिही', 'कल्पनाशक्ती वापर' या सूचनांनी मूल जागचं हलत नाही. वास कसला होता, पायात चप्पल होती का, दार आत उघडतं की बाहेर, असं विचारलं की ते डोळे बारीक करून आठवू लागतं आणि त्याचं वाक्य बदलतं. मात्र इथं एक पथ्य आहे, आणि ते मी कसोशीनं पाळते. मुलाच्या दुःखात हात घालायचा नाही. त्या मुलाला मी पुढं काही विचारलं नाही. त्यानं ठरवावं, कुठपर्यंत सांगायचं ते. अलीकडं 'अनुभव लिहा' म्हणून मुलांच्या घरातली गरिबी, आजारपणं, वडिलांची दारू हे सगळं वर्गात बाहेर काढण्याची जी चाल पडली आहे ती मला मुळीच पटत नाही. अनुभव म्हणजे काही संकटच नव्हे. याच वर्गातली एक मुलगी मंडईत आईबरोबर लिंबं विकायला बसते. तिनं 'माझी आई' या विषयावर आधी वात्सल्यसिंधू आई लिहिली होती. चांगलं लिंबू कसं ओळखतात एवढंच मी तिला विचारलं. मग तिनं लिहिलं की आई डोळ्यांनी लिंबू निवडतच नाही, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता अंगठ्यानं निवडते. साल पातळ असली की अंगठा थोडा आत जातो. आणि संध्याकाळी उरलेली जाड सालीची लिंबं घरी येतात, त्यांचं लोणचं होतं. आईची माया, कष्ट, काटकसर हे शब्द त्या पानावर कुठं नव्हते. त्यांची गरजच पडली नाही.

आणि मग मी मुलांना मुक्ताची गोष्ट सांगते. खरं तर ती आधीच सांगायला हवी, पण दोनचार पानं स्वतःची लिहून झाल्यावर मुलं ती वेगळ्या कानांनी ऐकतात.

मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. वय चौदा. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १८५५ साली, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत छापून आला. शाळेतल्या मुलीचा निबंध. तिच्या आधी तिच्या घरात कुणाला लिहितावाचता येत असण्याची सोयच नव्हती. आणि ती सुरुवात कुठून करते? धर्मापासून. वेद हे फक्त आमचे असं ब्राह्मण म्हणतात, मग ज्यांना वेद पाहायचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असं ती थेट देवालाच विचारते. मग इमारतींच्या पायात मांग-महारांना पुरत असत ते सांगते. पेशवाईत तालमीवरून यांच्यातला कुणी गेला तर त्याचं शिर तोडून त्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, तेही ती लिहिते, आणि जागेचं नाव लिहिते: गुलटेकडीचं मैदान. घरावर छप्पर नसलेल्या बाया बाळंत होतात तेव्हा पावसाथंडीत त्यांचे काय हाल होतात, हे ती वाचणाऱ्याला आपल्या अनुभवावरून ओळखायला सांगते. शेवटी आपल्या माणसांना ती शिकण्याविषयी कळवळून सांगते.

हा निबंध वाचून दाखवताना गुलटेकडी हा शब्द आला की वर्गात हालचाल होते. काही मुलं तिथंच राहतात. त्यांच्यासाठी गुलटेकडी म्हणजे मार्केट यार्ड, कांद्याबटाट्याचे ट्रक, पहाटेची हमाली, परतणारे वडील. आपला पत्ता एका मुलीनं पावणेदोनशे वर्षांपूर्वी निबंधात लिहून ठेवलाय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ती ताठ बसतात. 'मैदानात' असं म्हणून मुक्ता थांबली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण तिनं नाव घातलं, आणि त्या नावामुळं आजही ते नाकारता येत नाही. तपशील निबंधात कशाला घालायचे याचं याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. शोभेसाठी ते घालायचेच नसतात. ते साक्षीसाठी असतात.

मुक्तानंतर एकोणीस वर्षांनी, १८७४ मध्ये, याच शहरात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. मराठी निबंध म्हटलं की आपण पहिलं नाव त्यांचं घेतो, आणि गद्याच्या दृष्टीनं ते रास्तच आहे. सरकारी शाळेतला हा तरुण शिक्षक जवळजवळ एकहाती मासिक लिहीत राहिला, ८४ अंक. १८७९ मध्ये नोकरी सोडली, १८८० च्या जानेवारीत टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आणि १८८२ मध्ये, बत्तिशीही गाठण्याआधी गेला. त्यांचं लांब वाक्य मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवते. क्रियापदापर्यंत पोचेतो किती वळणं घेतं, तरी कुठं तोल जात नाही. ते मुलांना कळावं, आवडावं असं मला मनापासून वाटतं. पण त्याच 'निबंधमाले'त चिपळूणकरांनी जोतीरावांच्या लेखनावर टीका करताना त्यांच्या व्याकरणाची, त्यांच्या मराठीची टर उडवली, हेही मी सांगते. शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या की माणसानं मांडलेल्या मुद्द्याला उत्तर द्यावं लागत नाही, ही सवय आपल्याकडं फार जुनी आहे. वर्गात ती रोज दिसते. मुलानं जीव ओतून काही लिहिलेलं असतं आणि वही परत येते ती लाल वेलांट्यांनी भरून. मजकुराबद्दल एक अक्षर नसतं. चुका दुरुस्त करायच्याच. ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, 'न' आणि 'ण' यांत ढिलाई नको, कारण जग त्यावरून या मुलांना जोखणार आहे आणि इतरांपेक्षा यांनाच जास्त जोखणार आहे. फक्त आधी समासात एक ओळ मजकुराविषयी लिहायची. पेट्रोलचा वास मला आला, एवढं लिहिलं तरी पुरतं. वेलांटी त्यानंतर.

वाक्यं सुधारायची तर मी मुलांना ती मोठ्यानं वाचायला लावते. जिथं श्वास तुटतो तिथं पूर्णविराम हवा, जिथं जीभ अडखळते तिथं शब्द चुकीच्या जागी बसलाय, हे नियम सांगावे लागत नाहीत, वाचणाऱ्यालाच कळतं. स्वल्पविराम, अर्धविराम ही चिन्हं आपल्या लेखनात एकोणिसाव्या शतकात रुळली, आणि ती रुळवण्यात मेजर कँडी या पुण्यात राहून मराठीचं काम केलेल्या इंग्रज माणसाचा मोठा वाटा होता. त्याआधीची कागदपत्रं सलग धावत. हे सांगितलं की मुलांना गंमत वाटते आणि स्वल्पविरामाकडं ती जरा आदरानं पाहू लागतात.

सुरुवातीचा परिच्छेद पुष्कळदा काढून टाकावा लागतो. मुलं अंगणात बराच वेळ रेंगाळतात. दुसऱ्या परिच्छेदात घरात शिरतात. शेवट मात्र खरा अवघड. 'अशा प्रकारे', 'खरंच', 'म्हणतात ना' या तीन दारांपैकी एकातून बाहेर पडायची त्यांना सवय असते, आणि बाहेर पडताना हातात एखादं सुवचन लागतंच. त्यासाठी मी इरावती कर्व्यांच्या 'परिपूर्ती' या लेखाकडं वळते. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते, अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी. त्यांना काहीतरी अपुरं राहिल्यासारखं वाटत राहतं. मग रस्त्यानं चालताना शाळकरी पोरांचं बोलणं कानावर पडतं: ही आपल्या वर्गातल्या कर्व्यांच्या मुलाची आई. लेखाला पूर्णता येते ती तिथं. आईपणाची थोरवी बाईंना सांगावी लागत नाही, पोरं जाता जाता सांगून जातात. वर्गात एका मुलानं विचारलं, "पण बाई, तात्पर्य?" शेजारची मुलगी त्याला म्हणाली, "अरे, झालं की सांगून."

परीक्षेत असा निबंध चालतो का, हे पालक विचारतात आणि त्यांचं विचारणं बरोबर आहे. बोर्डाचे पेपर मी बरीच वर्षं तपासले. तपासणारा माणूसच असतो, गठ्ठा मोठा असतो, आणि एकामागून एक हिरवे शालू उलटताना एखाद्या पानावर रेशनकार्डाची पिशवी आली तर तो सावरून बसतो. गुण कापले जातील ही भीती मुलांच्या मनात जितकी आहे तितकी तपासणाऱ्याच्या लाल पेनात नसते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणारी स्पर्धा परीक्षांची मुलंही अधूनमधून येतात. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली, चारजणांत एक खोली घेऊन राहणारी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो, तीन तासांत दोन निबंध. त्यांच्या वह्यांत शालू नसतो, थोरांची वचनं असतात, विषयवार लावून ठेवलेली. पाण्याच्या प्रश्नावर लिहिताना जालन्याच्या मुलानं परदेशी विचारवंताचं वचन घालावं आणि टँकर गावात कोणत्या वारी यायचा हे लिहू नये, याचं मला फार वाईट वाटतं. त्यालाही मी तेच विचारते. कोणत्या वारी? रांगेत कोण उभं राहायचं?

मुक्ताचा निबंध वाचून झाल्यावर एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, पुढं तिनं काय लिहिलं?"

मुक्ताचा हा एकच निबंध आज उपलब्ध आहे. ज्या मुलीनं चौदाव्या वर्षी असा निबंध लिहिला, तिचा विसाव्या वर्षाचा निबंध मराठीत नाही, तिशीतला नाही. चिपळूणकरांचे ८४ अंक ग्रंथालयात बांधून ठेवलेले आहेत. मी मुलीला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे कुणी मागितलाच नसेल तिला." तिचं म्हणणं खरं की नाही ते सोडा. पण तेव्हापासून मी मुलांकडून दुसरा निबंध मागते. पहिला निबंध चांगला आला की टाळ्या होतात, मंडळाच्या फळ्यावर लागतो, पालकांच्या व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि तिथंच संपतो. पुढच्या शनिवारी त्याच मुलाला विचारायचं, आता काय लिहितोस? विषय मी देत नाही.

आंबिल ओढ्याच्या मुलाचा दुसरा निबंध पेपर संपल्यावर, एप्रिलमध्ये आला. गुणांशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. विषय त्यानं स्वतःच घेतला होता: ओढ्याकडेची भिंत. तिच्यावर वाळत घातलेल्या गोधड्या, तिच्यावर बसून मोबाईल पाहणारी मुलं, तिच्या सावलीत पंक्चर काढणारे काका, आणि पाऊस जोरात आला की सगळी गल्ली आधी त्या भिंतीकडं बघते, हे सगळं त्यात होतं. चार ठिकाणी वेलांट्या चुकल्या होत्या, 'गोधडी'चं अनेकवचन चुकलं होतं, एक वाक्य पानभर लांबलं होतं आणि तरी तोल सांभाळून होतं. चुका मी दुरुस्त केल्या, ते लांब वाक्य तसंच राहू दिलं. समासात लिहिलं, भिंतीच्या पलीकडच्या काठावर कोण राहतं? त्यानं वाचलं आणि म्हणाला, "तिकडचं मला माहीत नाही. उद्या जाऊन बघतो."